दिवेलागणीआधीची फवारणी

वांगं अख्खं शिजवतात हे मला बरीच मोठी होईपर्यंत ठाऊक नव्हतं. आमच्या घरात वांगं यायचं ते आधी अळीनं कोरलेलं आणि मग आईनं कापलेलं. तुकतुकीत, बिनडागाची वांगी टोपलीत बसून बाजारात जायची. भोक पडलेली आमच्या वाट्याला. आई विळीवर बसून कोरलेला भाग काढायची, अळी दिसली की चुलीत टाकायची आणि उरलेलं फोडणीला घालायची. कधीकधी उरायचं इतकं कमी, की भाजीत पाणीच जास्त. मी कुरकुरले की म्हणायची, "खाय गुपचूप. अळीनं खाल्लं म्हणजे चवदारच असन."

आजोबा विदर्भातून रेल्वेच्या कामावर रायपूरला आले. रेल्वेची नोकरी त्यांच्याबरोबरच संपली. बाबांचं शिक्षण सातवीत सुटलं, मग धानाच्या मिलमध्ये पोती उचलली, आणि ती मिल बंद पडल्यावर पुरानी बस्तीतली भाड्याची खोली सोडून आम्ही तेलीबांध्याच्या पलीकडे एका मालकाच्या बारीवर राहायला आलो. बारी म्हणजे भाजीचा मळा. कौलारू दोन खोल्या, एक विहीर, आणि अर्ध्या वाट्यानं करायची जमीन. नातेवाईक म्हणायचे, शहर सोडून खेड्यात गेले. खरं म्हणजे शहरच आमच्या मागे येत होतं. राज्य नवं झालं होतं, रायपूर राजधानी झालं होतं, आणि आमच्या कुंपणासमोरच्या रस्त्यानं धुरळा उडवत सरकारी गाड्या जायला लागल्या होत्या. पुढे कुठंतरी ह्याच रस्त्यानं नवी राजधानी बांधणार म्हणत. आम्हाला त्याचं एवढंच होतं, की वांग्याच्या पानांवर आता धूळ जास्त बसायची.

मी आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली. हे सांगताना मी कधी मान खाली घातली नाही आणि आताही घालत नाही. सकाळी बारीत निंदण करून, पाय धुऊन, टेम्पोत उभी राहून मी सायन्स कॉलेजला जायची. बायलॉजी हिंदीतून शिकायची, घरी मराठी बोलायची आणि बांधावर छत्तीसगढी.

शेंडेअळीचा उपाय आमच्याकडे एकच होता, औषध. ते विष आहे हे सगळ्यांना माहीत होतं, तरी नाव औषधच. बाबा पाठीवर पंप घेऊन, तोंडाला गमछा बांधून सकाळी दव सुकलं की फवारायला लागायचे. गमछा घामानं भिजायचा, त्यावर औषधाचे तुषार बसायचे, आणि त्याच गमछ्यानं ते तोंड पुसायचे. दुकानदार सांगायचा तेवढं घालायचे. त्यानं अळी मरेना म्हणून मग जास्त घालायला लागले.

मी दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. त्या दिवशी वारा होता म्हणून बाबांनी फवारणी संध्याकाळवर ढकलली. आई अंगणातून ओरडली, "दिवा लावला मी. आता झाडाले हात नका लावू." बाबा म्हणाले, "दोनच ओळी राहिल्या." थोड्या वेळानं पंपाचा आवाज थांबला. आम्ही गेलो तर ते ओळीत पालथे पडलेले. अंगाला दरदरून घाम, तोंडातून लाळ, दंडाचे स्नायू नुसते थरथरत होते. मालकाच्या ट्रॅक्टरवर घालून नेलं. ते वाचले. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बेटा, तुम पढ़ी-लिखी हो, इसलिए तुमसे कह रहा हूँ. ये दवाई इनके शरीर में घर कर गई है. अब दोबारा हाथ लगाया तो मैं बचा लूँगा, ऐसा मत समझना."

मी ते घरी आल्यावर जसंच्या तसं सांगितलं. पण आईनं त्यातलं एक अक्षर घेतलं नाही. तिचं कारण ठरलेलं होतं. दिवेलागण झाल्यावर झाडं झोपतात. झोपलेल्या झाडाला हात लावला म्हणून हे झालं. तशी तिची ही शिस्त आधीपासूनचीच. सांजेला कढीपत्त्याचं एक पान तोडू द्यायची नाही. पण त्या दिवसापासून ती शिस्त राहिली नाही, भीती झाली. दिवा लागला की ती बारीकडे बघायचीसुद्धा नाही.

त्या वर्षी वांगं गेलंच. मालक म्हणाला, "इस साल छोड़ो, अगले साल देखते हैं." पुढच्या वर्षीही असंच झालं तर तो बारी दुसऱ्याला देणार, हे त्यानं बोलून दाखवलं नाही, पण ते त्याच्या बोलण्यात होतं.

मी म्हटलं, "बाबा, मी फवारते."

"नाही."

"मग गड्याकडून करून घेऊ."

बाबांनी माझ्याकडे रोखून बघितलं. म्हणाले, "जे मी माह्या अंगावर घेऊ शकत नाही, ते दुसऱ्याच्या पोराच्या अंगावर टाकू काय?"

तेव्हा मी निंबोळीचं काढलं. वर्गात आम्हाला शिकवलं होतं, की कडुनिंबाच्या बियांत किड्यांची भूक मारणारं काहीतरी असतं. अळी ते लागलेलं पान खात नाही, खाल्लं तर नीट वाढत नाही. पुस्तकात त्यावर चारच ओळी होत्या. पण रायपुरात कडुनिंबाला काय तोटा. पावसाळ्याच्या तोंडी रस्त्याच्या कडेला पिवळ्या निंबोळ्यांचा सडा पडतो, लोक चपलेनं चिरडत जातात. मी आणि आईनं त्या गोळा केल्या, गर धुऊन काढला, बिया सावलीत वाळवल्या. सगळ्या घराला कडवट तेलकट वास. वाळलेल्या बिया उखळात कुटायच्या, भुकटी फडक्यात बांधून बादलीत भिजत ठेवायची, मग पिळून काढायची. पाणी दुधासारखं पांढुरकं होतं. त्यात कपड्याच्या साबणाचा थोडा चुरा, म्हणजे ते पानाला धरून राहतं. बाबांचा पंप मी सोड्यानं घासघासून, विहिरीचं पाणी पुन्हा पुन्हा ओतून धुतला. त्याचा जुना वास जाईपर्यंत बाबांना त्याच्याजवळ फिरकू दिलं नाही.

बांधाच्या पलीकडे एक काकी होती. छत्तीसगढी, बाबांपेक्षा वयानं मोठी, जन्मापासून भाजीच केलेली. मी उखळाशी बसले की ती कुंपणावर हात टेकून उभी राहायची.

"का करत हस ओ नोनी?"

"निंबोळी कुटतेय, काकी. किड्यांसाठी."

"कीरा मन ला काढ़ा पियाबे? खाँसी धर ले हे का ओमन ला?" आणि मग स्वतःच्याच विनोदावर हसत हसत ती तिच्या ओळीत जायची. किड्यांना खोकला झालाय का! मी हसले नाही, पण घरात ऐकून आई हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

तर पुढच्या वर्षी आम्ही हेच फवारलं. मी फवारलं. बाबा सांगत होते तसं. सकाळी, दव सुकल्यावर, ओळीनं, पानांच्या खालच्या बाजूनं. इतकी वर्षं ते असंच करत आले होते आणि मलाही त्यात वावगं काही दिसलं नाही. सूर्य चढत जायचा, पानांवरचं पांढुरकं पाणी झटकन सुकायचं. मला वाटायचं, बसलं बरोबर.

बसलं नाही. शेंडे माना टाकायला लागले. वांग्याच्या झाडाचा कोवळा शेंडा अळी आतून पोखरते, आणि काल ताठ असलेला शेंडा आज वाळल्या मिरचीसारखा लोंबतो. आधी इथं एक, तिथं एक. मग ओळीच्या ओळी. मी रोज सकाळी उठून आधी शेंडे बघायची आणि रोज जास्त दिसायचे. पहिली फळं आली तर त्यांत भोकं.

बाबा बांधावर बसून बघायचे. एक दिवस बाजारातून आले आणि पिशवीतून औषधाची बाटली काढून दारावरच्या फळीवर ठेवली. नवी, सीलबंद.

आईचा हात पोळपाटावरच थांबला. "हे काहून आणलं?"

"ठेवून राहिलो. उघडून नाही राहिलो."

"ठेवून काहून राहिले पण?"

"पुढच्या तोडीले टोपलीत अर्धे किडके निघाले तर मी पंप उचलीन," बाबा म्हणाले. आवाज चढवला नाही. "मालकानं बारी काढून घेतली तर जायचं कुठं? परत पोते उचलायले? आता पोतं उचलल्या जात नाही माह्यानं."

"अन् तुम्हाले काही झालं म्हणजे?"

"काही होत नाही. सांजेले नाही करत आता. सकाळी करीन. तूच म्हणते न, सांजेच्यानं झालं म्हणून."

आईला तिच्याच बोलण्यानं बांधलं होतं. मी फळीकडे हात केला तर आईनंच माझं मनगट धरलं. "फेकशीन तर दुसरी आणतीन. राहू दे तिथंच. दिसते तर खरी."

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात बायलॉजी शिकवणाऱ्या मॅडमना गाठलं. प्रॅक्टिकल संपलं होतं, त्या हात धुत होत्या. मी सगळं सांगितलं. निंबोळी किती, पाणी किती, साबण, फवारा, आणि तरी शेंडे पडतायत. त्यांनी एकच विचारलं, "छिड़कती कब हो?"

"सुबह. ओस सूखने के बाद."

त्यांनी हात पुसता पुसता मान हलवली. "वहीं गड़बड़ है. नीम का असर धूप में टिकता नहीं. दिन भर की तेज़ धूप लगी तो समझो पानी ही छिड़का. सूरज ढलने पर छिड़को, रात भर पत्ते पर रहेगा, और इल्ली भी उसी समय खाने निकलती है. और सुनो, जो इल्ली टहनी के अंदर घुस गई, वो नीम से नहीं मरेगी. मुरझाई टहनियाँ काटकर जला दो. बार-बार."

मी टेम्पोत बसले तेव्हा वाटलं, झालं, सुटलो. आणि मग तेलीबांध्याचं तळं लागेपर्यंत लक्षात आलं, की सुटलो कुठले. सूर्य ढळल्यावर. म्हणजे दिवेलागणीला.

मी आईला सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नाही."

"आई, हे विष नाही. निंबोळीचं पाणी आहे. माझ्या हातानं—"

"तुह्या हातानं म्हणूनच नाही. बाप पडला तिथंच, त्याच टायमाले, आता पोट्टी उभी करू काय?"

"त्या दिवशी बाबा पडले ते औषधानं. डॉक्टरांनी—"

"डॉक्टर होते काय तिथं? मी होते." "मी सांगितलं होतं, दिवा लावला. त्यायनं ऐकलं नाही. शेंडे कापायचे म्हणते न? कापतो. उद्या सकाळपासून कापतो. पण सांजेले नाही."

आणि तिनं कापले. बाबांना ते बघवेना, वाढता शेंडा कापणं म्हणजे झाडाचा गळा कापणं असं त्यांना वाटायचं. आई मात्र विळ्यानं एकेक मरगळलेला शेंडा घेत गेली, ओच्यात टाकत गेली आणि ओचा भरला की बांधाच्या टोकाला नेऊन जाळत गेली. त्या ओल्या शेंड्यांचा धूर काकीच्या बारीत जायचा आणि काकी शिव्या घालायची. शेंडे थोडे कमी झाले. पण नवी अंडी घातली जातच होती, मी सकाळी फवारत होते, आणि सकाळचा फवारा दुपारपर्यंत ऊन खाऊन टाकत होतं. तोड जवळ येत होती. मी बाबांना शेवटी म्हटलं, तुम्ही सांगा ना आईला. बाबा म्हणाले, "तिले काय सांगू? मी पडलो होतो तवा मले कुठं दिसत होतं. तिनं पाहिलं."

मग तो दिवस. कॉलेजला जाण्याआधी मी भुकटी भिजत घातली होती, दुसऱ्या सकाळसाठी. परत आले तेव्हा ऊन उतरलं होतं. दारातूनच माझी नजर फळीवर गेली, जात असायचीच. बाटली नव्हती. खुंटीवर पंप नव्हता.

मी पुस्तकं तिथंच टाकली आणि पळाले.

बाबा वांग्याच्या ओळीच्या तोंडाशी उभे होते. पाठीवर पंप, तोंडाला गमछा, हातात बाटली. समोर, ओळीच्या मधोमध, आई. हातात विळा, पदरात कापलेले शेंडे, आणि ती हलत नव्हती.

"बाजूले हो," बाबा म्हणत होते.

"नाही होत."

"उद्या तोड हाय. मी पाहून आलो आताच. पार किडलं हाय तिकडच्या अंगाले. आता नाही केलं, सकाळची वाट पाहिली, तर पुढची तोडबी गेली."

"मंग मारा माह्यावरच. मी इथंच उभी हाओ."

"असं काहून करून राहिली तू? तुले माहीत हाय न, मालक..."

"मालक गेला खड्ड्यात!" आईचा आवाज चिरला. "तुम्ही पडलात तवा मालक लाळ पुसत होता काय?"

मी बाबांच्या हाताकडे बघत होते. झाकण अजून फिरवलेलं नव्हतं, सील तसंच होतं. म्हणजे पंपात नुसतं पाणी होतं. पण बाबांचा अंगठा झाकणावर होता, आणि मला माहीत होतं की मी पुढे झाले तर तो अंगठा फिरेल. ते हट्टी आहेत. मी त्यांच्यावरच गेले आहे.

मी जागची हलले नाही. बोलले आईशी. "आई, बादलीत अर्क तयार आहे. सकाळपासून भिजलाय. आत्ता मारला तर रात्रभर राहील. एकदा. एकदाच मारू दे. नाही लागू पडला तर मी परत नाव काढणार नाही."

आईनं मान वर केली. सूर्य कुंपणाच्या पलीकडे गेला होता, पण उजेड होता. दिवा लावायची वेळ झालीच होती. रोज ह्या वेळेला ती हातपाय धुऊन तुळशीपाशी असायची. तिनं एकदा घराकडे बघितलं, एकदा बाबांच्या हातातल्या बाटलीकडे, एकदा माझ्याकडे. तिच्या तोंडावर काय चाललंय ते मला दिसत होतं. ह्या बाजूला बाबा होते, त्या बाजूला मी, आणि दोन्हीकडे तिला एकच गोष्ट दिसत होती. ओळीत पालथं पडलेलं माणूस.

मग तिनं पदरातले शेंडे खाली टाकले.

"दिवा लागला म्हणजे झाडं झोपतात," ती म्हणाली. स्वतःशीच बोलल्यासारखी. "अन् दिवा लावते कोण? मी लावतो. आज नाही लावत. तुमचं होईस्तोवर नाही लावत. माह्या घरात सांज झालीच नाही अजून." आणि माझ्यावर ओरडली, "पाहून काय राहिली? आण बादली!"

बाबा तसेच उभे. आई त्यांच्यापाशी गेली, त्यांच्या हातातून बाटली काढून घेतली, आणि त्यांनी ती काढू दिली. "अन् मी काय करू?" ते म्हणाले. खरंच विचारत होते.

"तुम्ही बांधावर बसा. दूर. अन् पंप द्या तिले."

मी पंपातलं पाणी ओतलं, अर्क पिळून, साबण घालून भरला, पट्टे घट्ट केले. आई बादली घेऊन माझ्या मागे मागे. मी फवारत होते आणि ती माझ्याकडे बघत होती, झाडांकडे नाही. मी जरा थांबले, घाम पुसला, की लगेच, "काय होते? चक्कर येते काय? बस!"

"काही नाही गं."

"मंग थांबली काहून?"

अंधारायला लागलं. शेवटच्या ओळी मी अंदाजानं घेतल्या. घर काळोखात होतं, तुळस काळोखात, देव काळोखात. तेवढ्यात कुंपणापाशी धडपड झाली आणि काकी आली. कंदील घेऊन, डोक्यावरचा पदर सुटलेला, रडवेली. सांजेला ज्या घरात दिवा लागत नाही त्या घरात काय झालेलं असतं, हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. आणि बाबांचं आजारपण तिला ठाऊक होतं.

"ए बहिनी! दिया काबर नइ बरे हे ओ? का होगे? तोर घरवाला..."

बांधावरून बाबांचा आवाज आला. "जियत हंव काकी. अभी जियत हंव."

काकी दचकून मागे सरली. मग कंदील उंच धरून तिनं बाबांना वरपासून खालपर्यंत बघितलं. आणि मग जे सुरू झाली! मेल्यांनो, माझा जीव गेला असता, अंधारात बसून काय करताय, शिकलेली पोर घरात आली की घरात दिवाही लागत नाही का. आई तिला काही सांगायला गेली आणि मध्येच हसायला लागली, आणि हसता हसता मटकन खाली बसली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. काकीनं कंदील बांधावर ठेवला आणि आईच्या शेजारी बसली.

मी पंप उतरवला, हातपाय धुतले. आईनं माझा हात हातात घेऊन बघितला, थरथरतोय का. मग आत जाऊन तिनं दिवा लावला.

दुसऱ्या दिवशीची तोड आईनं पुढे ढकलली. त्या किडक्या फळांवरून नाही ठरवायचं, ती जुनी आहेत, असं ती बाबांना म्हणाली. बाबा कबूल झाले, पण बाटली तिच्याकडून मागून घेतली आणि पुन्हा फळीवर ठेवली. बोलणं तेच होतं, फक्त पुढच्या तोडीवर गेलं होतं.

ते दिवस मला आठवायला आवडत नाहीत. थोडं थोडं अंतर ठेवून मी संध्याकाळी फवारायची, आई तेवढ्या संध्याकाळी दिवा थांबवायची. सकाळी शेंडे कापायची. एकदा फवारा सुकायच्या आतच सर आली आणि सगळं धुऊन गेलं. मी ओसरीत उभी राहून बघत होते, बाबा माझ्या शेजारी होते, आणि त्यांनी एकदाच फळीकडे बघितलं. दुसऱ्या संध्याकाळी मी परत फवारलं. बिया संपत आल्या, तर काकीनं तिच्या ओसरीतली निंबोळी आणून दिली, तोंडानं टोमणे चालूच. "ले, अपन कीरा मन ला पियाव. बने असन पियाबे, भूखा झन रहंय." उपाशी राहायला नकोत म्हणे तुझे किडे!

तोडीच्या सकाळी कुणी चहा घेतला नाही. आई तोडत होती, मी वाहत होते, निवडायला बाबा बसले. दुसऱ्या कुणाला बसू दिलं नाही. प्रत्येक वांगं फिरवून बघायचे, देठाखाली नख लावायचे, दाबायचे. पोखरलेलं एका टोपलीत, चांगलं दुसऱ्या टोपलीत. मला त्यांच्या तोंडावरून काही कळेना. मग त्यांनी चांगल्या टोपलीतलं एक वांगं उचललं आणि मधून मोडलं. आत पांढरं, स्वच्छ. दुसरं मोडलं. तिसरं मोडलं.

आई ओळीतून ओरडली, "अहो, बाजारात काय विकसान, फोडी?"

"पाहून तर घेऊ दे."

"पाहून पाहून अर्धी टोपली खराब केली! अळीनं काय कमी खाल्लं, की तुम्ही लागले?"

बाबांनी हात झटकले. किडक्यांची टोपली होतीच. नव्हती असं मी म्हणणार नाही, आणि निंबोळीनं अळी समूळ जाते असंही मी कुणाला सांगत नाही. पण ती टोपली लहान होती. अर्ध्याच्या खूप खाली. आणि ओळीत नजर टाकली तर नवे शेंडे ताठ उभे होते.

बाबा उठले, घरात गेले. मी आणि आई एकमेकींकडे बघत राहिलो. ते बाहेर आले ते बाटली घेऊनच. पण त्यांनी ती पिशवीत टाकली, पिशवी सायकलच्या हँडलला अडकवली आणि मागे चांगल्या वांग्यांची टोपली बांधायला लागले.

"कुठं?" आईनं विचारलं.

"बाजारात. अन् हे दुकानात वापस देऊन येतो. सील हाय तसंच हाय. नाही घेतलं त्यानं तर त्याच्याच फळीवर ठेवून येतो."

दुकानदारानं कटकट केली, पण घेतली. बदल्यात मेथीचं बी दिलं.

थंडी सरेपर्यंत आमच्या बारीतून वांगी निघत राहिली. मालकानं बारी आमच्याकडेच ठेवली. त्या हंगामात आणि त्यानंतर कधीही आम्ही विषारी औषध फवारलं नाही. बाबा पुन्हा दवाखान्यात गेले नाहीत. त्याच वर्षी मी बी.एस्सी. झाले.